लेकीला पेपर मिलच्या गाळावर संशोधन करायचंय

सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. विदर्भातल्या एका पेपर मिलमध्ये, डायजेस्टरवर (म्हणजे लाकूड-बांबू शिजवायच्या मोठ्या टाकीवर), तुम्ही सत्तावीस वर्षं पाळ्या केल्यात. लेक बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला मिलमधून निघणाऱ्या गाळावर, ब्लॅक लिकरवर (शिजवल्यावर उरणाऱ्या काळ्या द्रवावर) संशोधन करायचंय. तुम्ही लिहिलंय, "पोरांना त्या वासातून बाहेर काढायचं म्हणून राबलो, आणि ही परत तिकडंच निघाली." तिनं बी.एड. करावं, नाहीतर औषध कंपनीत लागावं, असं तुम्हाला वाटतं.

तुमच्या मनात 'मिलचा गाळ' म्हणजे मिलच्या मागच्या दाराची गोष्ट आहे. मला तिथंच तुम्हाला थांबवायचंय. रिकव्हरी विभाग, म्हणजे या काळ्या द्रवातून रसायनं परत मिळवणारा विभाग, चार दिवस बंद पडला की मिलची काय अवस्था होते, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल. लाकूड किंवा बांबू शिजवला की त्यातला साधारण निम्माच भाग लगदा होऊन हाती येतो. उरलेला, म्हणजे लिग्निन (लाकडाचे तंतू एकमेकांना चिकटवून ठेवणारा पदार्थ) आणि बरंच काही, ब्लॅक लिकरमध्ये जातो आणि त्याच्यासोबत शिजवताना घातलेला महागडा सोडाही. 1930 च्या दशकात टॉमलिन्सन यांचा रिकव्हरी बॉयलर आला. लिकर आटवून जाळायचं, त्यातून वाफही घ्यायची आणि रसायनंही परत मिळवायची, हे त्यामुळे जमलं. सोडा आणि गंधकाची संयुगं वापरून लाकूड शिजवायची क्राफ्ट पद्धत जगभर पसरली ती मुख्यतः याच बळावर. उपपदार्थाचं काय करायचं, या प्रश्नाच्या उत्तरावरच हा अख्खा उद्योग उभा आहे. तुमच्या लेकीनं बरोबर त्यावरच बोट ठेवलंय.

आणि आपल्याकडे तो प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. बाहेरच्या देशांतल्या मिल बहुतांश लाकडावर चालतात. आपल्याकडे बांबू, बगॅस (उसाचा चोथा), गव्हाचा पेंढा हेही वापरलं जातं आणि या सगळ्यांत सिलिका जास्त. ही सिलिका लिकरमध्ये उतरते, इव्हॅपोरेटरच्या नळ्यांवर थर धरते, लिकर घट्ट करते. पुढे, सोडा परत मिळवताना चुना वापरतात, त्या चुन्याच्या गाळात ती जाते. लाकडावर चालणाऱ्या मिलमध्ये तो गाळ भट्टीत भाजला की पुन्हा चुना मिळतो, चक्र चालू राहतं. आपल्या गाळात सिलिका असल्यामुळे परत-परत भाजत गेलं की चुन्याचा कस उतरतो. म्हणून कित्येक ठिकाणी गाळाचे ढीग साचतात. लिकरमध्ये कार्बन डायऑक्साइड सोडून, त्याचा सामू (पीएच) बेतानं खाली आणून, लिग्निन खाली न बसवता फक्त सिलिका वेगळी काढायची, हा त्यावरचा एक उपाय. ऐकायला सोपा, करायला अवघड. रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनीला याहून चांगला विषय मी तरी सुचवू शकत नाही.

तमिळनाडूत करूरजवळ टीएनपीएल (तमिळनाडू न्यूजप्रिंट अँड पेपर्स) ही मिल आहे, मुख्यतः बगॅसवर चालणारी. त्यांनी चुन्याचा गाळ आणि बॉयलरची राख घालून स्वतःचा सिमेंट कारखाना काढला. बगॅस धुतलेल्या पाण्यातून बायोगॅस काढून तो चुन्याच्या भट्टीला दिला. हे सगळं आधी कुणीतरी प्रयोगशाळेत करून पाहिलेलं असतं. ते काम करणाऱ्यांत तुमची लेक असावी, एवढंच तिचं म्हणणं आहे. साखर कारखान्यांच्या आपल्या राज्यात हे ज्ञान वाया जाणार नाही.

आता वाट. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेच्या अभिमत विद्यापीठात सेल्युलोज आणि कागद तंत्रज्ञानाची दोन वर्षांची एम.एस्सी. आहे. बी.एस्सी.ला रसायनशास्त्र असलं की प्रवेश परीक्षा देता येते. माझी पहिली पसंती हीच. पुढे सहारनपूरला केंद्र सरकारची लगदा आणि कागद संशोधन संस्था आहे, 1980 पासूनची, आणि त्याच गावात आयआयटी रुरकीचा कागद आणि पॅकेजिंग तंत्रज्ञान विभागही. पीएच.डी.साठी ही दोन्ही नावं तिनं आताच वहीत लिहून ठेवावीत. देहरादून नाही जमलं, तर नागपूरलाच सेंद्रिय किंवा विश्लेषणात्मक रसायनशास्त्रात एम.एस्सी. करावी, प्रकल्प मात्र लिग्निनवर किंवा चुन्याच्या गाळावर घ्यावा. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेची तयारी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासून. त्यातून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये मिळतात; तुमच्यावर भार पडणार नाही.

एक गोष्ट मात्र तिला माझ्यातर्फे स्पष्ट सांगा. कागद उद्योगात चढउतार फार, मिल बंदही पडतात. म्हणून तिनं एका मिलच्या नोकरीवर डोळा ठेवू नये. उपकरणं आणि लिग्निनचं रसायनशास्त्र पक्कं करावं. लिग्निन प्लायवूडच्या डिंकात चालतं, काँक्रीटमध्ये चालतं, त्यापासून व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाचा सुगंधी पदार्थही बनतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी अशा कामाची कदर होते. आणि संशोधक म्हणून मिलमध्ये जाणं म्हणजे रात्रपाळी नव्हे, हे तुमच्यासाठी.

राहता राहिला वास. तो गंधकाच्या संयुगांचा, हे तिला ठाऊक असेलच. तो कमी कसा करायचा हादेखील संशोधनाचाच विषय आहे, आणि ज्या घरात तो वास रोज कपड्यांतून आला, त्या घरातली मुलगी तो मन लावून करेल असं मला वाटतं.

या रविवारी एक करा. तिच्यासोबत बसा आणि कोऱ्या कागदावर तुमची मिल काढा: चिप्स कुठून येतात, लिकर कुठं जातं, कुठली नळी कितीदा चोंदते, गाळ कुठं टाकतात. (मिलच्या परवानगीशिवाय नमुना मात्र घरी आणू नका, लिकर तर अजिबात नाही, कातडी भाजते.) त्या कागदावरून तिला जे प्रश्न पडतील, ते तिनं लिहून काढावेत आणि मला पाठवावेत. प्रवेशाच्या मुलाखतीत काय बोलायचं, ते आपण त्यातूनच ठरवू.