खदान संपली, खड्डा कुणाचा?

वाचकांचे प्रश्न : जमीन आणि कायदा

प्रश्न : बिलौआजवळची आमची साडेचार एकर जमीन संमती देऊन गिट्टीच्या खदानीसाठी पट्ट्यावर दिली होती. पट्टा पुढच्या वर्षी संपतो. पट्टेदार म्हणतो, ‘खड्ड्यात पाणी साठेल, तुम्हाला आयता तलाव मिळेल.’ खड्डा भरून देणं त्याच्यावर बंधनकारक नाही का? जमीन पूर्ववत करण्याचा त्याचा परवाना मागता येईल का?
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : असा वेगळा परवाना आपल्याकडे नसतो. बंधनं तीन कागदांत विखुरलेली असतात : मंजूर खनन योजना (खदान बंद करण्याचा आराखडा तिच्यातच असतो), पर्यावरण मंजुरी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती. ‘खदान लहान आहे, आम्हाला मंजुरी लागत नाही’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. दीपककुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 27 फेब्रुवारी 2012 रोजी 5 हेक्टरच्या आतल्या गौण खनिजांच्या (गिट्टी, वाळू, फर्शी यांसारख्या) खदानींनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली. तुमची जमीन सुमारे 1.8 हेक्टर भरते.

आता भरावाचं. खड्डा पूर्ण भरलाच पाहिजे असं सरसकट म्हणता येत नाही, आणि त्यामागे साधा हिशेब आहे. 1 हेक्टरचा खड्डा 20 मीटर खोल गेला की सुमारे 2 लाख घनमीटर जागा रिकामी होते. तिथला दगड गिट्टी होऊन विकला गेलेला असतो. मागे उरते वरची माती आणि थोडा टाकाऊ माल. तेवढा भराव बाहेरून आणायचा तर दुसरीकडे तसाच खड्डा पडणार. म्हणून गिट्टीच्या बहुतेक आराखड्यांत शेवटी जलाशयच दाखवलेला असतो. पण उभ्या भिंतींचा पाण्याने भरलेला खड्डा म्हणजे जलाशय नव्हे. खड्ड्याची भिंत पायऱ्यापायऱ्यांनी उतरती हवी : धातुखाणींच्या 1961 च्या विनियमांनुसार कठीण दगडात पायरीची उंची 6 मीटरपेक्षा जास्त नको आणि रुंदी उंचीपेक्षा कमी नको. खाण सुरक्षा महासंचालनालयाने लेखी सूट दिली असेल तरच वेगळं. पट्ट्याच्या हद्दीपासून आत 7.5 मीटरची पट्टी अखंड राहिली पाहिजे. भोवती कुंपण हवं, आणि माणूस किंवा गुरं आत पडली तर वर येता येईल असा उतारही मागून घ्या.

बिघडतं नेमकं इथे. शेवटच्या वर्षी उरलेला दगड काढायच्या घाईत पायऱ्याच तोडल्या जातात आणि 20 मीटरची सरळ कड उरते. नंतर ती दुरुस्त करायची तर कड मागे सरकवावी लागते, आणि मागे असते ती 7.5 मीटरची पट्टी, पलीकडे शेजाऱ्याचं शेत. म्हणजे जागाच उरत नाही. तुमच्या हातात अजून वर्ष आहे. जिल्हा खनिज कार्यालयात 10 रुपये भरून माहितीच्या अधिकारात अर्ज द्या आणि अंतिम टप्प्याचा नकाशा, खड्ड्याचे आडवे छेद, साठवलेल्या मातीचं प्रमाण मागा. उत्तराची मुदत 30 दिवस आहे. मंजुरीच्या अटी पाळल्याचा सहामाही अहवाल पट्टेदाराला दरवर्षी 1 जून आणि 1 डिसेंबरला द्यावाच लागतो. त्याची प्रत घ्या आणि नकाशा हातात धरून खदानीवर जा.

सर्वोच्च न्यायालयाने 8 जानेवारी 2020 रोजी आणखी एक अट पट्ट्यांत, मंजुरीत आणि खनन योजनेत घालायला सांगितली : काम थांबल्यावर खदानीची आणि तिच्यामुळे बिघडलेली इतर जमीन पुन्हा गवत लावून चारा, झाडं-झुडपं, जीवजंतू वाढतील अशी करायची, तीही पट्टेदाराच्या खर्चाने. पाण्याखालच्या भागात हे शक्य नाही. पण डंपरचा रस्ता, ढिगारे आणि क्रशरची जागा यातून सुटत नाही. जमिनीच्या पृष्ठभागाचं नुकसान झालं तर खाण व खनिज कायदा, 1957 च्या कलम 24-क खाली भरपाईही मागता येते.

प्रश्न : घाटीगावकडे फर्शीच्या दगडाचा छोटा पट्टा घेतोय. वरच्या मातीचं काय करायचं?
— एक वाचक, ग्वाल्हेर

उत्तर : पहिल्याच दिवशी ती वेगळी काढा. ही चूक मागाहून निस्तरता येत नाही. 1 हेक्टरवर 30 सेंटीमीटरचा थर द्यायचा तर 3000 घनमीटर माती लागते, म्हणजे 10 घनमीटरच्या डंपरच्या 300 फेऱ्या. ती टाकाऊ दगडात मिसळली की विकत आणावी लागेल. ढीग दोन मीटरच्या आत ठेवा. उंच ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही आणि माती निर्जीव होते. पावसाआधी त्यावर अंजन गवत किंवा स्टायलो हा चारा पेरा. फर्शीत टाकाऊ माल भरपूर निघतो, त्यामुळे तुम्हाला भराव खरोखर शक्य आहे. तो थराथराने दाबत भरा, नुसता ओतू नका, नाहीतर दोन-तीन पावसाळ्यांत जमीन खचते. ढिगाऱ्याचा एकूण उतार 28 अंशांच्या आत ठेवा, पायथ्याशी दगडी बांध घाला, भोवती चर खणा आणि चराचं पाणी गाळाच्या टाक्यातून सोडा. झाडं करधई, खैर, कडुनिंब अशी इथलीच घ्या. विलायती बाभूळ नको.

प्रश्न : लोहखनिजाच्या खाणीत बँक हमी जप्त झाली की मालक मोकळा होतो का?
— एक वाचक, मुरार

उत्तर : नाही. प्रधान खनिजांना (लोहखनिज त्यातच येतं) 2017 चे संवर्धन व विकास नियम लागू आहेत. 2021 च्या दुरुस्तीनंतर वित्तीय हमी, म्हणजे खाण नीट बंद होईल यासाठीची ही बँक हमी, ‘अ’ वर्गाच्या (अवजड यंत्रांवर चालणाऱ्या किंवा मोठ्या) खाणीला हेक्टरी 5 लाख आणि ‘ब’ वर्गाला (बाकीच्या खाणींना) हेक्टरी 3 लाख रुपये आहे. जागा सावरण्याचा खर्च अनेकदा याहून बराच जास्त येतो, म्हणून हमी हा दंड भरून सुटण्याचा मार्ग समजू नये. अंतिम आराखडा खाण बंद करण्याच्या दोन वर्षं आधी द्यावा लागतो आणि केलेल्या कामाचा अहवाल दरवर्षी 1 जुलैपूर्वी. मालक काम टाकून गेला, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या भोपाळ खंडपीठाकडे कलम 15 खाली भरपाई आणि जागा पूर्ववत करण्याची मागणी करता येते. अर्ज कारण घडल्यापासून 5 वर्षांच्या आत हवा, सोबत तारखेसह फोटो आणि मंजूर नकाशाची प्रत जोडा.