सोलापूरच्या स्थानिक वृत्तपत्रांचा इतिहास काय? मोठ्या दैनिकांच्या आवृत्त्या आल्यावरही ती टिकली कशी?

मी पूर्व भागातला. घरात तेलुगू, शेजारी कानडी, बाजारात दख्खनी, आणि वाचायला पेपर मराठी. सोलापूरची गंमत अशी की इथली मराठी पत्रं चालवणाऱ्या काहींच्या घरातही मराठी बोलली जात नव्हती.

‘कल्पतरू’ हे इथलं जुनं साप्ताहिक, एकोणिसाव्या शतकातलं. नंतर ‘सोलापूर समाचार’ आलं, ते जक्कल या तेलुगू घराण्याचं. १८७७ साली ‘जुनी मिल’ ही कापडगिरणी सुरू झाली, मागोमाग आणखी गिरण्या आल्या, तेलंगणातून विणकर आले. एवढ्या भाषांच्या गावात सगळ्यांपर्यंत पोचायचं तर मराठीतच छापावं लागे.

१९३० साल मात्र सविस्तर सांगायला हवं. गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटलं. ८ मे रोजी गोळीबार झाला, १२ मेपासून जूनअखेरपर्यंत मार्शल लॉ. गांधी टोपी घातली तरी शिक्षा व्हायची, तिथे संपादकांना कोण सोडणार! ‘कर्मयोगी’चे रामभाऊ राजवाडे तुरुंगात गेले. चार हुतात्म्यांपैकी अब्दुल रसूल कुर्बान हुसेन हे तर स्वतःच संपादक. ऐन विशीत ते ‘गझनफर’ नावाचं पत्र काढायचे. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांच्याबरोबर त्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. चार पुतळ्यांपाशी रोज हजारो लोक रिक्षा पकडतात. त्या चौघांत एक पत्रकार आहे हे किती जणांना माहीत असेल, देव जाणे.

स्वातंत्र्यानंतर गावाचा पेपर म्हणजे ‘संचार’. त्याचे संपादक रंगाअण्णा वैद्य यांचं नाव जुने वाचक आजही आदराने घेतात. पुढे ‘तरुण भारत’, ‘लोकमत’, ‘सकाळ’, ‘दिव्य मराठी’ अशा आवृत्त्या आल्या. रंगीत पानं आली, आणि वाचकाला चमच्यापासून कुकरपर्यंत बक्षिसं देणाऱ्या योजनाही.

तरी स्थानिक पेपर टिकले, ते अग्रलेखांवर नव्हे. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. उजनीची जलवाहिनी फुटली की कोणत्या पेठेचं पाणी एक दिवस पुढे गेलं, हे आधी बघायचं. मग निधनवार्ता: कुणाची अंत्ययात्रा किती वाजता, कुठून. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा आली की नंदीध्वजांच्या मिरवणुकीचा मार्ग आणि बंद रस्ते. मार्केट यार्डातला कांद्याचा भाव तर शेतकरी मथळ्याच्या आधी वाचतो.

पैशाचं गणित आणखी साधं आहे. विक्रीतून कागदाचा खर्चही धड निघत नाही. घर चालतं ते वकिलांच्या ‘जाहीर नोटिशी’, निविदा, वाढदिवसाच्या आणि श्रद्धांजलीच्या जाहिरातींवर. म्हणूनच जाहिरात देणाऱ्या पुढाऱ्याविरुद्धची बातमी आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात सापडते. हा दोष मोठ्या पेपरांतही आहे. इथे जाहिरातदार आणि संपादक एकाच लग्नात जेवायला बसतात, एवढाच फरक.

हल्ली सकाळी पेपरवाल्याच्या आधी पीडीएफ व्हॉट्सअॅपवर पोचते. आमच्या गल्लीतली तरुण पोरं बातम्या मोबाईलवरच बघतात, पेपर फक्त ज्येष्ठांच्या घरी पडतो.

अभ्यासासाठी विचारत असाल, तर सुरुवात १९३० पासून करा आणि जुन्या अंकांची चौकशी आधी हिराचंद नेमचंद वाचनालयात करा.