शब्दशंका : एक 'आर' राहून गेला

प्रश्न : आमचा टॉवेलचा कारखाना आहे. परदेशी ग्राहकाची जुनी बाकी थकलेली असताना नवा माल पाठवणं शहाणपणाचं नाही, असं त्याला इंग्रजीत कळवायचं होतं. 'इम्प्रूडंट' हा शब्द योजला, पण टाइप करताना त्यातला 'आर' सुटला. ग्राहकाचा उलट प्रश्न आला, "उद्धट कोणाला म्हणता?" मुळात शब्द तरी बरोबर होता का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : शब्द अगदी बरोबर होता. 'इम्प्रूडंट' म्हणजे अदूरदर्शी, पुढचा विचार न करता केलेलं. 'आर' गळला की होतं 'इम्प्यूडंट', म्हणजे उर्मट, निलाजरं. दोन्ही शब्द कोशात असल्याने कॉम्प्युटर चूक दाखवत नाही. हे अक्षर डोळ्यांनीच तपासावं लागतं.

मुळं पाहिली की गोंधळ कायमचा मिटतो. लॅटिनमधला 'प्रोव्हिडेन्स', म्हणजे पुढचं पाहणारा, आकसून 'प्रूडेन्स' झाला. तुमच्या कामगारांचा प्रॉव्हिडंट फंड याच कुळातला! दुसऱ्या शब्दाच्या मुळाशी आहे 'पुडेन्स', लाज असलेला. त्याचा नकार म्हणजे लाज सोडलेला. उच्चारही वेगळे आहेत : पहिल्यात जोर 'प्रू'वर, दुसऱ्यात सुरुवातीच्या 'इम'वर.

'इम्प्रूडंट' हा शब्द माणसापेक्षा कृतीला लावलेला बरा : 'इट वुड बी इम्प्रूडंट टू शिप धिस ऑर्डर नाऊ.' घडून गेलेल्या गोष्टीबद्दल लिहिताना माणसाआधी 'ऑफ' घालावा, 'फॉर' नाही : 'इट वॉज इम्प्रूडंट ऑफ हिम टू साइन.' नाम 'इम्प्रूडन्स'.

जवळच्या शब्दांची धार मात्र वेगवेगळी. सुताचा भाव चढलेला असताना कर्ज काढून वर्षभराचा साठा भरणं इम्प्रूडंट. फेडता येणार नाही हे ठाऊक असूनही भरणं 'रेकलेस', बेदरकार. भर बैठकीत नको ते बोलून जाणं 'इनज्युडिशस'. 'फूलिश' व्यापारी पत्रात नकोच, तो थेट समोरच्याची अक्कल काढतो.

आता ग्राहकाला दोन ओळींचं पत्र आजच पाठवा. पहिल्या ओळीत टायपिंगची चूक कबूल करून योग्य शब्द द्या. दुसरीत विशेषण नको. थकलेली रक्कम, बिलाची तारीख आणि ती जमा झाल्यावर किती दिवसांत माल निघेल, एवढंच लिहा.