"बॅच पुढे गेली, आमची मुलगी तिथेच राहिली": एका आईच्या पत्राला उत्तर

सप्रेम नमस्कार,

कुर्ल्याहून पाठवलेलं तुमचं पत्र मिळालं. मुलीने गणितात बी.एस्सी. केलं, 2021 मध्ये बी.एड. पूर्ण केलं आणि तेव्हापासून ती चेंबूरच्या एका विनाअनुदानित शाळेत सहावी ते आठवीला गणित शिकवते. पगार सतरा हजार. यंदा तिच्या बी.एड. कॉलेजने माजी विद्यार्थ्यांची स्मरणिका काढली. कोण मुख्याध्यापक झालं, कोण दुबईच्या शाळेत गेलं, कोणाची जिल्हा परिषदेत निवड झाली, कोणाची पीएच.डी. चालू आहे, कोणाचं लग्न झालं, कोणाला बाळ झालं, असं सगळं त्यात आहे. तुमच्या मुलीच्या नावापुढे मात्र 'शिक्षिका, चेंबूर' एवढंच. ते वाचल्यापासून ती गप्प गप्प आहे, असं तुम्ही लिहिता आणि विचारता, "हिची बॅच पुढे गेली, ही तिथेच राहिली. आता शिक्षकी सोडून बँकेच्या परीक्षा द्यायला सांगू का?"

सांगू नका. तिलाच मनापासून बँकेत जायचं असेल तर गोष्ट वेगळी, पण तुमच्या पत्रात तसं कुठेही दिसत नाही. पत्रात दिसते ती, रात्री अकराला वह्या तपासताना एखाद्या मुलाने अपूर्णांकाचं गणित नवीन रीतीने सोडवलं म्हणून तुम्हाला हाक मारून दाखवणारी मुलगी. तिला केवळ एका स्मरणिकेमुळे शाळेबाहेर काढू नये, असं मला कळकळीने वाटतं.

अशा स्मरणिकेत माणूस कुठे पोचला ते छापतात, कसा पोचला ते छापत नाहीत. आणि महाराष्ट्रात बी.एड. झालेल्यांच्या बाबतीत 'कसा'चा मोठा भाग त्यांच्या हातात नसतो. तो अवलंबून असतो, ते कोणत्या वर्षी पास झाले त्यावर. 2012 साली राज्यात शिक्षकभरतीवर बंदी आली. त्यानंतर पास झालेली हुशार मुलंमुली वर्षानुवर्षं थांबली. कोणी क्लासेस काढले, कोणी तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर, राबलं, कोणी पेशाच सोडला. पवित्र पोर्टल या सरकारच्या शिक्षकभरतीच्या संकेतस्थळावरून होणाऱ्या भरतीसाठी अभियोग्यता चाचणी, म्हणजे सगळे जिला 'टेट' म्हणतात ती, पहिल्यांदा झाली डिसेंबर 2017 मध्ये. दुसरी थेट 2023 च्या सुरुवातीला आणि तिसरी 2025 मध्ये. मधल्या पाच वर्षांत बी.एड. झालेल्यांना काय वाटलं असेल, विचार करा. एकाच कॉलेजच्या, एकाच वर्गखोलीत शिकलेल्या दोन बॅचेसचं नशीब असं वेगळं होतं. तेव्हा मुलीच्या चार वर्षांची तुलना 2009 मध्ये पास होऊन आज मुख्याध्यापक झालेल्या माणसाशी करू नका. तुमच्या पत्रातले ते मुख्याध्यापक तिच्या बॅचचे असणं शक्यच नाही. स्मरणिकेत सगळ्या बॅचेस एकत्र छापल्यामुळे तसं वाटतं.

जिल्हा परिषदेत निवड झालेल्या मैत्रिणीचंही पाहू. तुमचा समज असा, की तिला आता चाळीस-पन्नास हजार मिळत असतील. नव्याने लागलेला शिक्षक आधी तीन वर्षं 'शिक्षण सेवक' असतो. 2023 मध्ये वाढ झाल्यानंतरचं मानधन प्राथमिकला 16,000 आणि माध्यमिकला 18,000 आहे. म्हणजे आज तुमची मुलगी आणि ती मैत्रीण यांच्या हातात येणाऱ्या पैशात फारसा फरक नाही, आणि मैत्रिणीला घरापासून लांब खोली भाड्याने घ्यावी लागत असेल ते निराळंच. फरक पडतो तो तीन वर्षांनी. तेव्हा ती नियमित वेतनश्रेणीत जाते, प्राथमिकला मूळ वेतन 29,200 पासून, बी.एड. झालेल्या माध्यमिक शिक्षकाला 38,600 पासून, वर महागाई भत्ता आणि घरभाडे. बारा वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी, चोवीस वर्षांनी निवडश्रेणी. हा पेशा असा सावकाश चढतो. तुमच्या मुलीनेही त्या वाटेवर यावं असं मला वाटतं, आणि तिथेच तिची खरी चूक झाली आहे.

तुम्ही लिहिलंय, "तिने टेट दिली होती, पण काही झालं नाही." टीईटी आणि टेट या दोन परीक्षा तुम्ही एक धरल्या आहेत, आणि मला शंका आहे की घरात कोणीच त्यांचा नीट छडा लावलेला नाही. टीईटी ही शिक्षक होण्यासाठीची पात्रता परीक्षा आहे. दीडशे गुणांची, खुल्या प्रवर्गाला साठ टक्के हवेत. पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी, दुसरा सहावी ते आठवीसाठी. टेट ही दोनशे गुणांची, तिच्यात पास-नापास नाही, गुणांवर निवड होते. नववी-दहावीच्या जागेसाठी टीईटी लागत नाही, पण सहावी ते आठवीसाठी लागतेच. पहिली ते पाचवीच्या जागा तिने मनातून काढून टाकाव्यात. तिथे बी.एड. चालत नाही, डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षकांची पदविका लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023 मध्ये स्पष्ट केलं आहे.

त्याहून महत्त्वाचं, 1 सप्टेंबर 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नोकरीत असलेल्यांनाही टीईटी बंधनकारक केली. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त उरलेल्यांनी दोन वर्षांत ती उत्तीर्ण व्हायची आहे. तुमची मुलगी सहावी ते आठवीलाच शिकवते. म्हणजे दुसरा पेपर, गणित-विज्ञान गट, तिला पुढच्या भरतीसाठी हवा आणि आजच्या खुर्चीसाठीही हवा. राज्याच्या टीईटीबरोबर केंद्राची सीटीईटीही द्यावी. तीही इथे चालते आणि केंद्रीय विद्यालयांच्या टीजीटी, म्हणजे प्रशिक्षित पदवीधर शिक्षकांच्या, पदांसाठीही उपयोगी पडते. दोन्हींची प्रमाणपत्रं आता आयुष्यभर वैध असतात.

पत्राच्या शेवटी तुम्ही घाईघाईत एक वाक्य लिहिलंय, की बदलापूरकडची एक संस्था "अनुदानित जागा" द्यायला तयार आहे, पण आठ लाख मागते, आणि तुम्ही दागिन्यांचा विचार करताय. कृपा करून असं करू नका. अनुदानित जागा पवित्र पोर्टलवरूनच भरायच्या असतात. संस्थेला मुलाखत घेण्याची मुभा असली तरी उमेदवार पोर्टलवरूनच येतात. बाहेरून घेतलेल्या शिक्षकाच्या वैयक्तिक मान्यतेचा प्रस्ताव शिक्षण खात्यात अडकतो, शालार्थ आयडी, म्हणजे सरकारी पगार प्रणालीतला शिक्षकाचा क्रमांक, मिळत नाही, आणि शालार्थ नाही म्हणजे सरकारी पगार नाही. असे आठ-दहा वर्षं बिनपगारी राबलेले शिक्षक माझ्यासमोर येऊन बसले आहेत. त्यांच्या आयांनीही दागिनेच मोडले होते. संचमान्यतेत, म्हणजे पटसंख्येवरून शिक्षकांच्या जागा ठरतात तेव्हा, मुलं कमी भरली तर जागाच अतिरिक्त ठरते, आणि मुंबई-ठाण्यात मराठी शाळांची पटसंख्या कशी आटते आहे ते तुम्ही डोळ्यांनी पाहता.

तिच्या हातातल्या नाण्याची किंमत मात्र तुम्ही दोघी कमी धरताय. गणित इंग्रजीतून आणि मराठीतूनही शिकवू शकणारी, विषयाची पदवी असलेली शिक्षिका सेमी-इंग्रजी वर्गांना सहज मिळत नाही. चांगल्या खासगी आणि आंतरराष्ट्रीय शाळा काय, दुबईच्या शाळा काय, विषयाची पदवी, बी.एड. आणि वर्गातला अनुभव या तीन गोष्टी मागतात, आणि तिन्ही तिच्याकडे आहेत. कमी एवढीच, की तिच्या कामाचं लेखी काही नाही. तिने केलेले उपक्रम, घेतलेल्या चाचण्या, मुलांच्या चुकांची तिने ठेवलेली नोंद हे सगळं एका फाइलमध्ये यायला हवं. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, तुमच्या घरापासून हार्बरच्या गाडीने थोडक्या अंतरावर. तिथे शिक्षकांसाठी कार्यशाळा होतात. गणित शिकवणाऱ्या माणसाने कुर्ल्यात राहून तिथे जाऊ नये, याची मला हळहळ वाटते. एम.एड.ची घाई नको. डाएट (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था) किंवा बी.एड. कॉलेजमध्ये शिकवायचं असेल तरच ते करावं, आणि मग नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षाही द्यावी.

रणजितसिंह डिसले यांचं नाव तुम्ही ऐकलं असेलच. त्यांना इंजिनिअर व्हायचं होतं, ते जमलं नाही म्हणून ते शिक्षक प्रशिक्षणाकडे वळले. 2009 मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रुजू झाले, आणि ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं 2020 मध्ये. पुढे सगळ्यांनी ज्याचं कौतुक केलं ते पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचं काम त्यांनी त्याच शाळेत सुरू केलं होतं. रुजू झाल्यानंतर चौथ्या वर्षी कोणी स्मरणिका काढली असती, तर त्यांच्या नावापुढेही 'शिक्षक, परितेवाडी' एवढंच आलं असतं. सगळ्यांना बक्षिसं मिळत नाहीत. मी एवढंच सांगतेय, की चौथं वर्ष हा निकालाचा दिवस नव्हे.

लग्नाबद्दल तुम्ही अडखळत लिहिलंय, की स्थळं पगार विचारतात. विचारू देत. तुम्ही टीईटीची तारीख सांगा. त्याच स्मरणिकेत 'सध्या गृहिणी' लिहिलेल्या मुलींची नावं आहेत. त्यांची कीव करू नका आणि त्यांना उदाहरणही करू नका. मूल शाळेत जाऊ लागल्यावर बी.एड.ची पदवी घेऊन परत आलेल्या कितीतरी शिक्षिका मी पाहिल्या आहेत.

या आठवड्यात मुलीला त्या यादीतल्या तिघींना फोन करायला सांगा, जिल्हा परिषदेतल्या, दुबईतल्या आणि पीएच.डी. करणाऱ्या. अभिनंदन करून झालं की विचारावं: कोणती परीक्षा कितव्यांदा निघाली, मधली वर्षं घर कसं चाललं, आज हातात नेमके किती येतात, परत निवडायचं झालं तर काय निवडशील. मग पुढचं पत्र तिलाच लिहू द्या. सोबत नेमणूकपत्राची प्रत, शाळेने तिच्या मान्यतेचा प्रस्ताव शिक्षण निरीक्षक कार्यालयात पाठवला आहे की नाही याचं उत्तर, आणि टीईटीच्या एका जुन्या प्रश्नपत्रिकेत वेळ लावून पडलेले गुण पाठवावेत. त्यावरून तिचं वेळापत्रक मी बसवून देईन.

तुमची,
करिअर समुपदेशक