शेवट आधी वाचणाऱ्या बाईच्या आवडत्या मालिका

तुम्ही विचारलंय की समीक्षक वगैरे नसलेल्या, अगदी साध्या प्रेक्षकाला कुठल्या मालिका आवडतात आणि येणाऱ्या कुठल्या चित्रपटांची तो वाट बघतोय.

साधी म्हणजे मी किती साधी, ते आधी सांगते. कॅमेरा कुठे ठेवलाय वगैरे मला कळत नाही. बघता बघता मोबाईल हातात असतो. आणि मोठा गुन्हा म्हणजे कुठलीही मालिका सुरू करण्याआधी मी तिचा शेवट वाचून घेते. विकिपीडियावर जायचं, शेवटच्या भागाचा सारांश वाचायचा, कोण मरतं, कोण उरतं ते बघून घ्यायचं आणि मग निवांत पहिला भाग लावायचा. या सवयीपायी माझा धाकटा भाऊ माझ्याबरोबर काही बघत नाही. एकदा एका मालिकेच्या दुसऱ्याच भागात मी त्याला "याच्यात फार जीव गुंतवू नकोस" एवढंच म्हटलं होतं. तो उठून दुसऱ्या खोलीत गेला आणि उरलेले चार सीझन तिथेच बसून संपवले.

तेव्हा खाली बरेच शेवट फुटणार आहेत. चालत नसेल तर इथूनच मागे फिरा.

माझी सगळ्यात लाडकी मालिका 'कोलंबो'. माझ्यासारख्यांसाठीच काढलेली वाटते, कारण खुनी कोण हे तिथे सुरुवातीलाच दाखवून टाकतात. खून आपल्या डोळ्यांदेखत होतो. कोणी केला, का केला, पुरावा कसा लपवला, सगळं आपल्याला ठाऊक. मग चुरगळलेला रेनकोट घातलेला, सिगार धरलेला, विसराळू वाटणारा पोलीस लेफ्टनंट कोलंबो येतो आणि आपण बघत बसतो की याला ते कधी कळणार. पीटर फॉक हा नट १९६८ साली पहिल्यांदा या भूमिकेत टीव्हीवर दिसला आणि शेवटचा भाग आला २००३ मध्ये. मध्ये अकरा वर्षांचा खंड धरूनही ही केवढी मोठी खेळी! आणि इतक्या वर्षांत भाग किती, तर ६९. वर्षाला दोनशे भाग पाडणाऱ्या मालिकांनी याचा विचार करायला हरकत नाही. तो रेनकोटही फॉकच्या स्वतःच्या कपाटातला होता म्हणे, वेशभूषा विभागाचा नव्हे. कोलंबोची बायको सतत त्याच्या बोलण्यात येते पण पडद्यावर एकदाही येत नाही, त्यामुळे ती खरंच आहे की हा थाप मारतोय, हा आमच्या घरातला जुना वाद आहे.

१९७१ साली ही मालिका नियमित सुरू झाली तेव्हाचा पहिला भाग स्टीव्हन स्पीलबर्गने केला होता. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. त्या भागाची सुरुवात बघाच. रस्त्यावरून एक गाडी येतेय. गाडीचा आवाज नाही, संगीत नाही, नुसती टाइपरायटरची खटखट. वर ऑफिसात एक लेखक टाइप करत बसलाय, आणि गाडीतला माणूस त्याचा जोडीदार आहे. दोघं मिळून रहस्यकथा लिहितात. हा खाली गाडी लावतो, वर ती खटखट चालूच. कॅमेऱ्यातलं मला कळत नाही असं वर म्हटलं खरं, पण इथे मलासुद्धा कळलं की त्या खटखटीनेच घाबरवलंय.

या मालिकेत मी कोलंबोकडे बघतच नाही. मी खुन्याच्या चेहऱ्याकडे बघते. पहिल्या भेटीत तो या गबाळ्या माणसाला हसण्यावारी नेतो. कोलंबो निरोप घेतो, दारापर्यंत जातो, कपाळाला हात लावून परत वळतो आणि म्हणतो, अजून एकच विचारायचं राहिलं. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तो असा वळला की खुन्याचं हसू अर्ध्यावर थांबतं. हा गबाळा नाही, हे त्याला कळलेलं असतं आणि आता काही करता येत नाही, हेही. तो एक क्षण बघायला मी पाऊण तास बसते. खुनी कोण हे लपवून ठेवलं असतं तर तो क्षण दाखवताच आला नसता.

अलीकडे असा प्रकार 'पोकर फेस'मध्ये सापडला. खून आधी, तपास नंतर. तपास करणारी बाई पोलीसही नाही, पण समोरचा खोटं बोलला की तिला कळतं. हलकीफुलकी आहे, दुपारी बघायला छान.

दुसरी लाडकी 'बेटर कॉल सॉल'. ही 'ब्रेकिंग बॅड'च्या आधीची गोष्ट, २०१५ ते २०२२, सहा सीझन. सॉल हा वकील आणि त्याच्या ओळखीतला माइक, दोघं 'ब्रेकिंग बॅड'मध्येही आहेत. आधीची गोष्ट म्हटल्यावर सॉल जगणार हे जगजाहीर. माइकही इतक्यात मरत नाही, हेही ठाऊक. पण सॉलच्या आयुष्यात किम नावाची वकील आहे आणि 'ब्रेकिंग बॅड'मध्ये तिचा मागमूस नाही. म्हणजे काय झालं हिचं? सगळी धाकधूक गुपचूप तिच्याकडे सरकते. हे त्यांनी जमवलंय ते फार भारी. नायकाचं काय होणार याची फिकीरच उरत नाही, आपण दर भागात किमच्या गाडीचा अपघात तर होणार नाही ना, हे बघत बसतो.

मी अर्थातच शेवट वाचून बसले होते. सॉल सरकारी वकिलांशी घासाघीस करून शिक्षा सात वर्षांवर आणतो आणि मग भर कोर्टात स्वतःच सगळं कबूल करून ८६ वर्षं पदरात पाडून घेतो. हे वाचलं तेव्हा 'बरं' म्हणून पुढे गेले होते. किम तुरुंगात त्याला भेटायला येते आणि दोघं एक सिगारेट ओढतात, हेही त्यात एका ओळीत होतं. प्रत्यक्षात तो सगळा प्रसंग कृष्णधवल आहे आणि रंग आहे तो फक्त लायटरच्या ज्योतीला आणि सिगारेटच्या टोकाला. तेवढाच. मी टीव्ही बंद करून जरा वेळ तशीच बसून राहिले. सारांश वाचून माझं काहीएक बिघडलेलं नव्हतं. (या मालिकेला एमीची ५३ नामांकनं मिळाली आणि पुरस्कार एकही नाही. परीक्षकांनी काय वाचलं होतं कोण जाणे.)

'चेर्नोबिल' दोनदा बघितली. २०१९ ची, पाचच भाग. २६ एप्रिल १९८६ ला अणुभट्टीचा स्फोट झाला हे सगळ्या जगाला माहीत आहे. मालिका तर सुरूच होते स्फोटानंतर दोन वर्षांनी, शास्त्रज्ञ लेगासोव्हच्या आत्महत्येपासून. म्हणजे शेवट पहिल्या दहा मिनिटांत. राहिलं काय? राहिलं ते 'कसं झालं'. ते त्यांनी शेवटच्या भागापर्यंत राखून ठेवलंय. कोर्टात लेगासोव्ह लाल आणि निळ्या पाट्या घेऊन उभा राहतो. लाल म्हणजे भट्टीतली क्रिया वाढवणारी गोष्ट, निळी म्हणजे कमी करणारी. एकेक पाटी लावत आणि काढत तो त्या रात्रीचा हिशेब मांडतो. निळ्या पाट्या कमी होत जातात तसे आपण खुर्चीच्या कडेला येतो. शेवटी भट्टी बंद करायचं बटण दाबतात, आणि नियंत्रण कांड्यांच्या टोकांना ग्रॅफाइट असल्यामुळे थांबायच्या ऐवजी ती उसळते. शाळेत भौतिकशास्त्राने मला रडवलं होतं, इथे सगळं समजलं. खरा लेगासोव्ह त्या खटल्याला हजरच नव्हता, हे मालिका करणाऱ्यांनीच नंतर सांगितलं. माझी तक्रार नाही, पण माहीत असलेलं बरं.

विनोदी मालिकांना शेवट वाचायची गरज पडत नाही, त्यामुळे तिथे मी सर्वसाधारण माणसासारखी वागते. 'फॉल्टी टॉवर्स'चे एकूण भाग फक्त बारा, सहा १९७५ चे आणि सहा १९७९ चे. मन उदास असलं की त्यातला कुठलाही लावते.

माझी सवय उलटलीही आहे. 'लॉस्ट'चा शेवट वाचला आणि पहिल्या सीझनमध्येच सोडून दिली. बेटावर ध्रुवीय अस्वल कुठून आलं, जमिनीतलं ते झाकण कशाचं, अशी कोड्यांवर कोडी. आकर्षण सगळं त्यांचंच होतं, उत्तरं कळल्यावर बसवेना. भावाच्या मते मी एका चांगल्या मालिकेचा खून केला. असेलही. आणि 'द सोप्रानोज'पुढे मी हात टेकले. १० जून २००७ ला दाखवलेला तिचा शेवटचा भाग मधेच काळा पडतो आणि संपतो. केबल गेली की काय, असं तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं होतं. त्याच्यावरचे चार लेख वाचले, तरी काय झालं ते कळलं नाही. शेवटी सगळी मालिका बघावी लागली. तरीही कळलं नाही.

कोणी स्पॉयलरवरून फारच बोलायला लागलं की मी २०११ चा एक अभ्यास पुढे करते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या दोघांनी लोकांना लघुकथा वाचायला दिल्या. ज्यांना शेवट आधी सांगितला होता त्यांना कथा जास्त आवडल्या. नंतरच्या काही अभ्यासांत उलटंही निघालंय, पण ते भावाला सांगायची गरज मला अजून पडलेली नाही.

आता येणारे चित्रपट. मी वाट बघतेय ती क्रिस्टोफर नोलनच्या 'द ओडिसी'ची. जाहीर झालेली तारीख १७ जुलै २०२६. सगळा चित्रपट आयमॅक्सच्या फिल्म कॅमेऱ्यांवर घेतलाय आणि काही निवडक खेळांची तिकिटं तर वर्षभर आधीच, जुलै २०२५ मध्ये विकायला काढली होती. पुढच्या आठवड्यात मी कुठे असेन ते मला सांगता येत नाही, आणि हे लोक वर्षानंतरची खुर्ची पकडून बसलेत! मला मात्र गोष्टीचं कौतुक. सुमारे पावणेतीन हजार वर्षांपूर्वीची. आणि मूळ ग्रीक महाकाव्याचा कवी होमर स्वतःच पहिल्या काही ओळींत सांगून टाकतो की नायक ओडिसियसचे सोबती परत येणार नाहीत, सूर्यदेवाच्या गाई खाल्ल्या म्हणून मरणार. पहिल्याच ओळींत शेवट फोडणारा हा माणूस मला आपला वाटतो.

मला त्यात एकच बघायचंय, ते म्हणजे कुत्रा. ओडिसियस वीस वर्षांनी भिकाऱ्याच्या वेषात घरी येतो. त्याला कोणी ओळखत नाही. दाराबाहेर शेणाच्या ढिगावर, गोचिडांनी भरलेला त्याचा म्हातारा कुत्रा अर्गोस पडलेला असतो. तो शेपूट हलवतो, कान पाडतो, पण उठून जवळ यायची ताकद नसते. ओडिसियसला ओळख दाखवता येत नाही, तो लपून डोळे पुसतो आणि आत जातो. आणि कुत्रा मरतो. तीन तासांत लढाया, राक्षस, वादळं सगळं दाखवतील. कुत्र्याला दोन मिनिटं दिली असतील तर माझे पैसे वसूल.

'ड्यून'चा तिसरा भाग १८ डिसेंबर २०२६ ला जाहीर झालाय. तो ज्यावर बेतलाय ती कादंबरी १९६९ ची. तिच्या शेवटी आंधळा झालेला नायक पॉल एकटा वाळवंटात चालत निघून जातो. पण दुसऱ्या भागात त्याची प्रेयसी चानी हिला त्यांनी पुस्तकापेक्षा वेगळ्याच वाटेला लावलंय. पुस्तकात ती पॉलबरोबर राहते, चित्रपटात रागाने निघून जाते. म्हणजे पोहोचायचं ठिकाण मला ठाऊक आहे, रस्ता बदललाय. असली धाकधूक मला चालते.

त्याच तारखेला 'अ‍ॅव्हेंजर्स: डूम्सडे'ही जाहीर झालाय. २०१९ मध्ये आयर्न मॅन म्हणून मेलेला रॉबर्ट डाउनी ज्युनिअर आता खलनायक होऊन येतोय, आणि बाकी सगळी अळीमिळी गुपचिळी. तो मी सारांश आल्यावर ठरवीन.

भावाने 'द ओडिसी'साठी मात्र बरोबर यायचं कबूल केलंय. अट एकच, चित्रपट संपेपर्यंत मी एक अक्षर बोलायचं नाही. त्याला म्हणे गोष्ट माहीत नाही. मी हो म्हटलंय. फक्त परवा त्याने सहज विचारलं की त्यात कुत्रा आहे का, तेव्हा मला पाणी प्यायला उठावं लागलं.