नवोदयच्या यादीत नाव नाही, आता काय?

मी मुलांची समुपदेशक. दरवर्षी नवोदयची, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेतल्या सहावीच्या प्रवेशाची, निवड यादी लागली की पुढचे पंधरा दिवस माझा फोन थांबत नाही. ज्यांचं नाव लागतं त्यांच्या घरी पेढे वाटले जातात. मला फोन येतात ते ज्यांचं लागलेलं नसतं त्यांच्या घरून. "मॅडम, पोरगं खरंच हुशार आहे, सगळे गुरुजी म्हणायचे. मग नाव का नाही आलं? आणि आता झेडपीच्या शाळेतच राहिलं तर वाया जाईल का?" फोनवर दोन वाक्यांत याचं उत्तर देऊन भागत नाही. म्हणून एका मुलाची हकिकत सविस्तर लिहिते. घरच्यांना विचारलं आहे; नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

सार्थक सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावातला. जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीत. एप्रिलमध्ये वडील आणि आजोबा, म्हणजे आबा, त्याला घेऊन आले. वडिलांनी खुर्चीत टेकायच्या आधीच सुरुवात केली. "दीड वर्ष क्लास लावला मॅडम. रोज पहाटे साडेपाचला उठवायचो. सराव पेपर शंभराच्या वर सोडवून घेतले. क्लासात कायम पहिल्या तिनात. आणि यादीत नाव नाही." हे सगळं पोराच्या देखत. सार्थक मान खाली घालून दप्तराची चेन उघडझाप करत होता.

यादी लागल्यापासून त्याने गणिताची वही उघडलेली नव्हती. सकाळी शाळेच्या वेळेला पोट दुखायचं. डॉक्टरांना त्यात काही सापडलं नव्हतं. तिसरी गोष्ट त्याच्या वर्गशिक्षकांनी मला फोनवर सांगितली आणि मला सगळ्यात जास्त लागली ती तीच. स्वतःचं उत्तर बरोबर असलं तरी तो आता शेजारच्याच्या वहीत डोकावून बघतो, आणि तिथलं वेगळं असेल तर आपलं खोडतो.

गावात त्याचं टोपणनावच 'नवोदय' पडलं होतं. पारावरची माणसं हाक मारायची, "काय रे नवोदय, कुठं निघालास?" यादीनंतर ती हाक बंद झाली. लोकांनी चांगल्या मनानेच बंद केली. पण दहा वर्षांच्या मुलाला ती बंद झालेलीही ऐकू येते.

पहिल्या भेटीत माझी चूक झाली. मी थेट विचारलं, "पेपर कसा गेला होता?" तो म्हणाला, "सोपा होता." त्यानंतर पाऊण तास एक शब्द नाही.

दुसऱ्या वेळी मी परीक्षेचं नावच काढलं नाही, घरी काय काय काम करतोस एवढंच विचारलं. आधी खांदे उडवले. मग म्हणाला, "डेअरीच्या पावत्या बघतो." घरी दोन गाई. सकाळ-संध्याकाळ दूध घालायचं, पावतीवर लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर आणि रक्कम. दर दहा दिवसांनी बिल. आबांना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून पावत्या सार्थककडे. आबांनी खिशातून एक पावती काढून दिली. मी आकडे वाचले, "सहा पूर्णांक चार लिटर, दर साडेतेहतीस." माझा हात कॅल्क्युलेटरकडे जाईपर्यंत तो म्हणाला, "दोनशे चौदा रुपये चाळीस पैसे."

"कसं काढलंस?"

"सहा साडेतेहतिसे दोनशे एक. राहिले चार. एका लिटरचे साडेतेहतीस म्हणजे दहाव्या भागाचे तीन रुपये पस्तीस पैसे. त्याची चौपट तेरा चाळीस."

मग त्याने आपण होऊन सांगितलं, की एकदा बिलात एका संध्याकाळचं दूध धरलंच नव्हतं. फरक किती पडला त्यावरून त्याने कोणत्या दिवसाची पावती राहिली ते ओळखलं होतं. हे त्याला कुठल्या क्लासात शिकवलेलं नव्हतं. आणि हे सांगताना चेनवरचा हात थांबला होता.

वडिलांशी आणि आबांशी मी वेगळी बसले. आधी नवोदयचं गणितच मांडलं. एका विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ८० जागा. त्यातल्या किमान पाऊणशे टक्के, म्हणजे ७५ टक्के, ग्रामीण मुलांच्या, एक तृतीयांश मुलींच्या, शिवाय आरक्षण. परीक्षेला अख्ख्या जिल्ह्यातून हजारो मुलं. ८० प्रश्न, दोन तास, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट आणि सव्वा गुण. एखाद-दुसऱ्या सव्व्याने मूल यादीच्या आत किंवा बाहेर जातं. आणि ही संधी एकदाच, सहावीसाठी दुसऱ्यांदा बसता येत नाही. नवोदयबद्दल मला मनापासून आदर आहे. १९८५-८६ मध्ये देशातली पहिली दोन विद्यालयं सुरू झाली त्यातलं एक आपल्या अमरावतीचं. फी न भरता, राहण्याजेवणासह खेड्यातल्या मुलांना तिथे जे मिळालं ते दुसरीकडे मिळणं अवघड होतं. पण ती यादी म्हणजे ८० खाटांची यादी आहे. खाट मिळाली नाही म्हणून डोकं कमी ठरत नाही.

वडिलांना ते पटेना. "मग बुद्ध्यांकाची टेस्ट घ्या. एकदा आकडा कळू दे." ही मागणी अनेक पालक करतात. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थेने बुद्धिमापनाचं काम कित्येक वर्षं जबाबदारीने केलं आहे, आणि मूल शिकण्यात अडखळत असेल तर मी स्वतः चाचणी सुचवते. सार्थकला मात्र मी नाही म्हटलं. एका आकड्याने दुखावलेल्या मुलापुढे दुसरा आकडा ठेवायचा कशाला? तो चांगला आला असता तर 'नवोदय'च्या जागी नवं टोपणनाव चिकटलं असतं.

त्यांना टर्मनची गोष्ट सांगितली. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९२१ साली लुईस टर्मन या मानसशास्त्रज्ञाने बुद्धिमापन चाचणीवर दीड हजारांच्या आसपास अतिहुशार मुलं निवडायला घेतली आणि पुढे जन्मभर त्यांचा मागोवा ठेवला. त्या निवडीत विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ ही दोन मुलं बसली नव्हती. शॉकलींना १९५६ मध्ये आणि अल्वारेझांना १९६८ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मंजे चाळणी बघायला पायजे होती, आमी दाणाच बघत बसलो."

घरासाठी मी एकच पथ्य दिलं. महिनाभर 'हुशार' हा शब्द बंद. कौतुकानेही नाही. १९९८ साली म्युलर आणि ड्वेक या दोघी मानसशास्त्रज्ञांनी पाचवीतल्याच मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. पहिली कोडी सुटल्यावर काही मुलांना 'तू हुशार आहेस' म्हटलं, काहींना 'तू मेहनत घेतलीस' म्हटलं. मग सगळ्यांना मुद्दाम अवघड कोडी दिली. त्यानंतर पुन्हा सोपी दिली, तेव्हा 'हुशार' म्हटलेल्या मुलांची कामगिरी आधीपेक्षा घसरली. मेहनतीचं कौतुक झालेल्यांची सुधारली. सार्थक शेजारच्या वहीत का डोकावत होता, ते मला इथे दिसत होतं. हुशार ठरलेल्या मुलाला चुकायची भीती वाटते. म्हणून घरच्यांनी एवढंच विचारायचं, "कसं काढलंस?" आणि उत्तर शेवटपर्यंत ऐकायचं. दुसरी गोष्ट, वडिलांनी त्याला सांगायचं की पहाटे उठवणं माझ्या हौसेपोटी होतं, तुझं काही चुकलं नाही. हे त्यांना फार जड गेलं. त्यांनी ते गोठ्यात, धार काढताना, त्याच्याकडे न बघता सांगितलं. पण सांगितलं.

मग शाळा. इथे मला जरा थांबायचं आहे, कारण पालक आणि समुपदेशक दोघंही शिक्षकांना दोष देऊन मोकळे होतात. सार्थकचे सर एका खोलीत पाचवी-सहावी एकत्र सांभाळतात. वर पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती भरणं. ते मला प्रांजळपणे म्हणाले, "मॅडम, मागं राहिलेल्या पोरांसाठी आम्हाला उपक्रम येतात, प्रशिक्षण होतं. पुढं पळणाऱ्याचं काय करायचं ते कुणी सांगत नाही. त्याचं लवकर झालं की मी त्याला दुसऱ्यांच्या वह्या तपासायला बसवतो." २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अशा मुलांना वर्गातच जास्तीचं खाद्य द्यावं, शाळा, शाळा-संकुल, जिल्हा पातळीवर विषयांची मंडळं असावीत असं म्हटलेलं आहे. सरांच्या खोलीपर्यंत तेव्हा त्यातलं काही पोचलेलं नव्हतं. वह्या तपासण्याने मुलाला मान मिळतो, पण भूक भागत नाही.

आम्ही दोन साधे बदल केले. प्रकरणाच्या शेवटची सगळ्यात अवघड पाच उदाहरणं त्याने आधी सोडवायची. ती आली तर उरलेली वीस करायची नाहीत. आणि वाचलेल्या वेळात ज्याचं उत्तर मागच्या पानावर नाही असा प्रश्न. सरांना कापरेकरांचं नाव माहीत होतं, ६१७४ चा खेळ मात्र करून बघितलेला नव्हता. द. रा. कापरेकर हे नाशिकजवळ देवळालीच्या शाळेतले शिक्षक. त्यांनी १९४९ साली दाखवलं की कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, वजा करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वेळांत तुम्ही ६१७४ वर येऊन थांबता. सरांनी फळ्यावर ३५२४ घेतलं. ५४३२ वजा २३४५, ३०८७. मग ८३५२. मग ६१७४.

सार्थकने त्या दिवशी काही विचारलं नाही. दोन दिवसांनी सरांनी मला त्याच्या पाठकोऱ्या कागदाचा फोटो पाठवला. त्याने तीन अंकी संख्यांवर तेच करून पाहिलं होतं. ३५२ पासून निघून २९७, ६९३, ५९४ आणि शेवटी ४९५. खाली आणखी अकरा संख्या, सगळ्या ४९५ वर. कोपऱ्यात शिसपेन्सिलने लिहिलं होतं, "मधला अंक नेहमी ९. पहिला आणि शेवटचा मिळून पण ९. का?" त्या 'का'कडे मी बराच वेळ बघत राहिले. दीड वर्षाच्या सराव पेपरांत त्याला 'का' विचारायला दीड मिनिटातला एक सेकंदही मिळालेला नव्हता. आणि कागदावर तीन ठिकाणी वजाबाकी चुकून खाडाखोड झाली होती. ती खाडाखोड पाहून मला जास्त बरं वाटलं. शेजारी न बघता तो चुकला होता.

पोटदुखी जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर पुन्हा आठवडाभर आली, मग गेली. मामांनी तालुक्याच्या इंग्रजी शाळेचा विषय दोनदा काढला. घरी पुरेसा आधार असेल आणि मुलालाच हवं असेल तर मी शाळा बदलायला विरोध करत नाही. इथे मुलाला नको होतं. वाटाही बंद झालेल्या नाहीत. नवोदयमध्ये रिकाम्या जागांसाठी नववीला पुन्हा परीक्षा असते. आठवीत एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा आहे. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मूल निवडलं गेलं, तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. ती शिष्यवृत्ती नवोदयमधल्या मुलांना लागू नाही, झेडपीच्या मुलांना आहे. वडिलांनी हे सगळं वहीत लिहून घेतलं, आणि "आठवीत बघू" म्हणून वही मिटली. दीड वर्षापूर्वी ते असं म्हणाले नसते.

आता शनिवारी सकाळची शाळा सुटली की सरांच्या खोलीत चार मुलं तासभर थांबतात. त्यातली एक मुलगी नवोदयला बसलीच नव्हती, कारण घरच्यांनी फॉर्म भरला नव्हता. सार्थकच्या मते तिला त्याच्यापेक्षा चांगलं येतं.

शेवटच्या भेटीला तो एकटाच आत आला. दोन अंकी संख्यांचा कागद आणला होता. ९ वरून, म्हणजे ०९ धरून, ८१, ८१ वरून ६३, मग २७, मग ४५, आणि ४५ वरून परत ९. "हे थांबतच नाही," तो म्हणाला, "गोल गोल फिरतंय." मी त्याला पाच अंकी संख्यांचं काय होतं ते सांगायला तोंड उघडलं.

"सांगू नका मॅडम," तो म्हणाला, आणि कागद घडी घालून खिशात ठेवला.