कांदेबाग की मृगबाग?

प्रश्न : ताई, मी शिरपूरचा. केळीच्या बागेत वाढलेल्या एका मुलावर सहा वर्षांपासून कादंबरी लिहितोय, १४० पानं झालीत. इथल्या एका दैनिकाने पुरवणीत दर रविवारी ५०० शब्द मागितलेत. मित्र म्हणतात, त्यात कादंबरीची वाफ निघून जाईल आणि कल्पनाही कोणीतरी उचलेल. काय करू?

उत्तर : लिहा. तुमची केळी वाचून मला माझीच फजिती आठवली. भुसावळला असताना चार वर्षं मी असंच एक सदर लिहिलं. एकदा ठोकून दिलं की, मामांनी दिवाळीच्या तोंडावर केळीची मृगबाग लावली. सोमवारी भाकरी तव्यावर असताना चोपड्याहून एका शेतकरीदादांचा फोन, "ताई, नावमाच मृग शे ना!" जूनमधली लागवड ती मृगबाग, दिवाळीच्या सुमाराची ती कांदेबाग. मग थंडीत पानं पिवळी पडून घड बुंध्यातच कसा अडकतो, ते त्यांनी वीस मिनिटं ऐकवलं. भाकरी करपली, पण माझ्या कादंबरीतली एक अख्खी रात्र त्या फोनमधून निघाली. हस्तलिखित खणात पडून असतं तर ती चूक थेट पुस्तकात गेली असती, आणि रावेर-यावलचे वाचक पोट धरून हसले असते.

आपल्या अमळनेरचंच बघा. साने गुरुजी तिथल्या वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहून 'छात्रालय' दैनिक काढत. १९२८ मध्ये 'विद्यार्थी' मासिक सुरू केलं. 'छात्रालय'चे वाचक म्हणजे रोज समोर दिसणारी पोरं. कंटाळली तर लगेच कळणार. गुरुजींचं ते समोर बसून सांगितल्यासारखं लिहिणं तिथेच मुरलं असावं, असं मला वाटतं.

कल्पना उचलतील? उचलू देत. कायद्याने कल्पनेवर कोणाचाच हक्क नसतो. तो असतो लिहिलेल्या मजकुरावर, आणि लिहिताक्षणी मिळतो. नोंदणीची सक्ती नाही. तुम्ही त्या दैनिकात नोकरीला नाही, म्हणजे लेख तुमचेच. फक्त हक्क लिहून देणाऱ्या कागदावर न वाचता सही करू नका. मानधनाचंही आधीच विचारा. मी संकोचाने विचारलं नाही. चार वर्षांत दोन शाली मिळाल्या. भुसावळच्या ४५ अंशांत!

मित्रांचं एक मात्र खरं आहे. आजीचं जाणं मी एका लेखात लिहून मोकळी झाले, आणि कादंबरीत तिथे पोचल्यावर हात चालेना. ते प्रकरण अजून अर्धंच आहे. तेव्हा पुरवणीला द्या ती आजूबाजूची माणसं : घड कापणारे मजूर, सावद्याला ट्रक भरताना होणारी भांडणं, भावावरून घासाघीस करणारे व्यापारी. त्या मुलाचं नाव तेवढं तिथे येऊ देऊ नका.